खांडीच्या तोंडावरची जागा

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना बाकावर उभं केलं. अमावास्येला प्रवास केला, मांजर आडवं गेलं तर त्याला वाट करून दिली आणि पुढे गेले. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण दर वेळी मनात ‘ऊन लागलं असेल’, ‘झोप झाली नसेल’ असं म्हणतच. तेव्हा माझं वाचून तुम्हीही तसंच म्हणालात तर मला राग येणार नाही. उलट कोणी पटण्यासारखं काही सांगितलं तर उपकारच होतील... कारण चाळीस वर्षं झाली, मला ते सापडलेलं नाही.

साल त्र्याऐंशी किंवा चौऱ्याऐंशी. रत्नागिरीत आमच्या आळीचं एक तरुण मंडळ होतं. गणपतीत नाटक आणि मे महिन्यात कुठेतरी श्रमदान, असा वर्षाचा कार्यक्रम. अरविंद अध्यक्ष, मी सेक्रेटरी. वय एकवीस, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष झालेलं, आणि जिभेला हाड म्हणून नाही. अंधश्रद्धेवर भाषण द्यायचं म्हटलं की मी झोपेतून उठूनसुद्धा दिलं असतं.

त्या वर्षी आम्ही जयगडच्या खाडीतल्या एका जुव्यावर गेलो. जुवं म्हणजे खाडीतलं बेट, चहूकडून खारं पाणी. नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. एस्टीने धक्क्यापर्यंत, पुढे होडीने पाऊण तास. वीस-बावीस घरं, एक विहीर, एक खोलीची शाळा, तिथेच आमचा मुक्काम. बहुतेक पुरुष मुंबईला, मागे बायका आणि म्हातारी माणसं. आदल्या पावसाळ्यात उधाणाने त्यांच्या भातशेतीचा बांध फुटला होता आणि खारं पाणी आत शिरलं होतं. एकदा शेतात खार बसला की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. पावसाआधी बांधाला पडलेली ती खांड, म्हणजे भगदाड, बुजवणं हे आमचं काम.

माझा धाकटा भाऊ विनूही बरोबर होता. एकोणीस वर्षांचा, नुकताच टायफॉइडमधून उठलेला. आई त्याला पाठवायला अजिबात तयार नव्हती. मीच हट्ट धरला. “मी आहे ना! माझ्या नजरेबाहेर जाऊ देणार नाही त्याला,” असं घराच्या पायरीवर उभी राहून आईला म्हणाले. निघताना आईने त्याच्या डोक्याला निळ्या चौकड्यांचा पंचा स्वतःच्या हाताने गुंडाळला.

दोन दिवस नीट काम झालं. तिसऱ्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भांगाचा दिवस, पाण्याला जोर कमी. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. खांडीचा शेवटचा भाग त्याच दिवशी भरून टाकायचा असं ठरलं. बांधावर आमची साखळी करायची होती. एका टोकाला माती खणणारे, मध्ये घमेली हातोहात पुढे देणारे, आणि शेवटचा माणूस खांडीच्या तोंडावर उभा राहून माती आत ओतणार.

तेवढ्यात भागीकाकी आली. साठी ओलांडलेली, जुव्यावर जिचा शब्द चालायचा अशी बाई. आमचं जेवणही तिच्याच घरी असायचं.

“तोंडावर कोन उभा ऱ्हवायचा नाय हां,” ती म्हणाली. “ती जागा राखन्याची. घमेला भुईवर ठेवायचा, दोन पावला मागं यायचा, नि लांब दांड्याच्या फावड्यानं माती लोटायची. आमचे वाडवडील तसाच करीत आले.”

“आणि उभं राहिलं तर?” मी विचारलं. राखणा म्हणजे त्यांचा न दिसणारा राखणदार, एवढं तोवर कानावर आलं होतं.

“राखना तेची जागा मागून घेतो. मंग आमाला बोल लावू नको.”

साखळीत चुळबुळ सुरू झाली. फावड्याने माती लोटत बसलो तर काम दुपटीने लांबणार, आणि तोंडावर उभं राहायला कोणी तयार होईना. आदल्याच रात्री माझं भाषण ऐकून टाळ्या वाजवणारे हेच सगळे! अरविंदसुद्धा म्हणाला, “जाऊ दे गं, त्यांची रीत आहे.”

मला संताप आला. आणि त्या संतापात मी बोलून गेले. “माझा भाऊ उभा राहील,” मी म्हणाले. स्वतः उभी राहते म्हणाले नाही. शेजारच्या जागेवरून सगळ्या साखळीला वेग द्यायचा होता ना मला, सेक्रेटरीबाईंना! विनू हसला, पंचा घट्ट केला आणि जाऊन उभा राहिला. त्याने आयुष्यात माझा शब्द मोडला नव्हता.

भागीकाकी पदर डोक्यावरून ओढून घराकडे निघून गेली.

आता जागा नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. शेवटाकडे बांधाला वळण होतं आणि वळणावर तिवरांची दाट झाडी. वळणाच्या पुढे आम्ही दोघंच, टोकाला विनू आणि त्याच्या अलीकडे मी. माझ्या डाव्या हाताला, बरोबर वळणावर, शैला. शैलाला मी दिसत होते, विनू दिसत नव्हता. विनूला फक्त मी बघू शकत होते.

नऊ वाजता सुरुवात झाली. डावीकडून घमेलं घ्यायचं, उजवीकडे द्यायचं, रिकामं परत घ्यायचं. पहिले दोन तास विनूची बडबड चालू होती. अकरानंतर गप्प झाला. मला वाटलं दमला असेल. ऊन तर असं होतं की खाडीच्या पाण्याकडे बघवत नव्हतं. मी मान खाली घालून काम करत होते. पण मधूनमधून बघत होते हां मी त्याच्याकडे! निळा पंचा पुढे ओढलेला, चिखलाने कोपरापर्यंत माखलेले हात. दोनदा मी विचारलं, “बरं वाटतंय ना रे?” दोन्ही वेळा त्याने मान हलवली आणि हात पुढे केले. घमेलं घेतलं, ओतलं, रिकामं माझ्या हातात दिलं. एकही घमेलं पडलं नाही, एकदाही साखळी थांबली नाही.

सव्वाएकच्या सुमारास पाणी परत चढायला लागलं होतं. मी एक घमेलं त्याच्या हातात दिलं आणि पुढचं घ्यायला शैलाकडे वळले. मागे धप्पकन आवाज झाला. जड, ओला आवाज. वळून बघितलं तर बांधाची कड जाग्यावर नव्हती. विनू उभा होता तेवढाच तुकडा, हातभर पुढेमागे नाही, सगळाच्या सगळा खांडीत खचला होता. खाली चिखल आणि त्यावर चढणारं पाणी... आणि विनू नाही.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. शैला सांगते की माझा आवाज धक्क्यापर्यंत गेला असेल. अरविंद आणि दोघं-तिघं चिखलात उतरले, छातीपर्यंत रुतले. बांबूने ढोसून बघत होते, हातांनी माती उपसत होते. मी वरून “विनू, विनू” करत नखांनी चिखल ओरबाडत होते. पाणी वर येत होतं. आईचा चेहरा माझ्यासमोरून हलत नव्हता. तिला जाऊन काय सांगू? तुझ्या लेकाला मीच तिथे उभं केलं म्हणून? देवाला न मानणारी मी, त्या पंधरा-वीस मिनिटांत किती देवांना काय काय कबूल केलं त्याचा हिशोब नाही.

तेवढ्यात शेताच्या आतून भागीकाकी धावत येताना दिसली. धाप लागलेली.

“कोनाला शोधताव गो? तुजा भाव तं शाळेत निजलाय! कवापास्नं! मीच पेज दिली तेला.”

मी धावले. शाळेत सतरंजीवर विनू झोपला होता, अंगात सणसणून ताप. पंचा घडी करून उशाशी ठेवलेला. हातपाय स्वच्छ धुतलेले. मी आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याला मिठी मारून रडले.

“न सांगता का आलास? का आलास रे?”

तो गोंधळला. “ताई, तूच तर पाठवलंस...”

तो म्हणाला ते शब्द असे. “मला अंधारी येत होती. तू आलीस, माझ्या हातातलं घमेलं घेतलंस आणि म्हणालीस, ‘जा, शाळेत जाऊन पड. इथे मी उभी राहते.’ मी शेतातून सरळ इकडे आलो.”

“किती वाजता?”

“अकरा वाजून गेले होते.”

भागीकाकीनेही तीच वेळ सांगितली. म्हणजे दोन तास तो तिथे नव्हता.

दारात अरविंद उभा होता, चिखलाने नखशिखांत भरलेला. तो सुटकेने हसायलाच लागला. “धन्य आहेस बाई! स्वतःच पाठवलंस आणि विसरलीस? ऊन लागलंय तुला.” बाकीचेही हसले. माझा जीव भांड्यात पडला होता, आणि मी म्हणाले, “हो... विसरलेच.”

मी विसरले नव्हते. मी माझ्या जागेवरून एक पाऊलही हलले नव्हते. नंतर शैलाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “तू कुठे जाणार? तू गेली असतीस तर घमेलं मी कोणाला दिलं असतं?”

परत आल्यावर मी सगळं ताडून पाहिलं. भागीकाकीच्या रीतीत शहाणपण होतं हे तर उघडच आहे. ओल्या मातीच्या कडेवर वजन नको, म्हणून लांबून लोटायचं. वाडवडिलांनी ते राखण्याच्या नावावर घातलं, म्हणजे लोक ऐकतात. इथवर मला काही अडचण नाही. तापात विनूला भास झाला, हेही मान्य. उन्हाने मला भास झाला, तेही एक वेळ मान्य. पण एकाच वेळी त्याला माझा आणि मला त्याचा? आणि ती माती? दोन तास मी घमेली पुढे देत होते आणि रिकामी परत घेत होते. भासाला माती ओतता येते का? खांड तर भरत आली होती, अरविंदने चिखलात उतरल्यावर स्वतः पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी भागीकाकीने बांधावर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. मी सगळ्यात मागे उभी होते. उरलेलं काम आम्ही तिच्या रीतीने, लांबून फावड्याने लोटून पूर्ण केलं. निघताना मी तिला एकटीला गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. मला वाटलं ती ‘बघ, मी सांगत होते’ म्हणेल. पण ती म्हणाली, “आमी कदी तिथं कोनाला ठेवलाच नाय गो. मंग तो काय करतो ते आमाला तरी काय म्हाईत.”

विनू आज साठीचा आहे. रक्तदाब सोडला तर ठणठणीत. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की नातवंडांना जवळ घेऊन हीच गोष्ट सांगतो. ताईच्या लक्षात आलं मला बरं नाही, ताई स्वतः माझ्या जागी उभी राहिली, म्हणून तुमचा आजोबा जिवंत आहे. मग वाकून माझ्या पाया पडतो. मी आशीर्वाद देते आणि ताट उचलून आत जाते.

चाळीस वर्षांत त्याला खरं सांगायचं धाडस झालं नाही. कारणं शोधून मी थकले, ती सापडली नाहीत तरी आता चालेल. भीती वेगळीच आहे. त्याला तिथून मी हलवलं नाही हे सांगितलं, तर मग माझ्या वाट्याला एवढंच उरतं की त्याला तिथे उभं मी केलं होतं.