वाळत घातलेली चड्डी

कुठल्याही घरासमोर आले की हवालदार आधी टोपी काढून काखेत मारायचे, मान तिरकी करायचे आणि घराकडे चोरासारखे बघायचे. मग म्हणायचे, "घर बोलतंय हो. गप्प करा त्याला."

आमच्या आळीची बीट त्यांच्याकडे होती. ऐंशीनंतरची ती वर्षं. माणूस राजापूरकडचा, आवाज खणखणीत, पोट सुटलेलं. चोराच्या मागे ते धावले असते तर चोरानेच थांबून त्यांना पाणी दिलं असतं. त्यांनाही ते माहीत होतं. "पळायची पाळीच येता नये, भाऊ," म्हणायचे.

तुम्हांला कोकणातला शिमगा ठाऊक असेल. पालखी घरी यायची म्हणून जो तो आपापल्या गावी. आमच्या आळीतली सोळांपैकी अकरा घरं आठवडाभर कुलपात. घर कुलपात आहे हे रस्त्यावरून कसं कळतं, याचा हवालदारांनी जेवढा विचार केला होता तेवढा आम्ही घरमालकांनी कधी केला नव्हता.

एका शिमग्याला आम्ही गावाहून परत आलो तर आमच्या दोरीवर ही एवढी खाकी अर्धी चड्डी. बायको फाटकातच थांबली. "ही कोणाची?"

संध्याकाळी हवालदार स्वतःच न्यायला आले. "माझी, वहिनी. जुनी हाय. म्हटलं, घरात बाप्यामाणूस हाय असं वाटू दे."

"आठवडाभर वाळत होती?"

"छ्या! वाळलेली चड्डी लगेच चुगली करते. रोज येऊन तुमच्या विहिरीवर भिजवत होतो."

बायको हसू दाबत आत गेली. त्यानंतर तिने त्यांना चहा दिल्याशिवाय कधी सोडलं नाही.

त्यांचा खरा राग तुळशीवरच्या मडक्यावर. गावी जाताना तुळस वाळू नये म्हणून तिच्यावर तीन काठ्यांचं तिकाटणं उभं करून तळाशी भोक पाडलेलं मडकं टांगायची आमच्याकडे रीत. थेंब थेंब पाणी पडत राहतं. हवालदार म्हणायचे, "ही चोराला पत्रिका. मालक गावी, आपण सहकुटुंब यावं."

पुढच्या शिमग्याआधी त्यांनी आळीला देवळात बसवलं आणि सांगितलं, "मडकी काढा. जे मागं राहतील त्यांनी शेजारच्या तुळशीला पाणी घाला, पुढचं अंगण-खळं झाडा, भांडं वाजलं तर डोकवा. एवढंच. माझं एकट्याचं काम नाय हे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या आळीत माना फार चांगल्या डोलतात.

अडचण अशी की निम्म्या आळीचे एकमेकांशी हद्दीचे दावे. आमच्या समोरच्या काकू आणि त्यांचे शेजारी बापू यांच्यात मधल्या गडग्यावरून अबोला. चिऱ्यांची ती भिंत कोणाची, हे कोर्टालाही ठरवता येत नव्हतं. काकू एकट्या, बापू बारमाही घरात. म्हणजे हवालदारांच्या हिशेबाने आदर्श जोडी.

"बापूच्या हातचं पाणी माझ्या तुळशीला?" काकू तिथेच म्हणाल्या. "त्यापेक्षा वाळली तर वाळू दे."

बापू देवाकडे बघून म्हणाले, "हवालदार, सांगा कोणाला तरी, की मला दुसऱ्याच्या हद्दीत शिरायची हौस नाही."

हवालदार दोघांच्याही घरी पुन्हा पुन्हा गेले. मीही गेलो. काकूंनी मडकं टांगलंच. आम्ही गावी गेलो, काकूही गेल्या.

भर दुपारी त्यांचं घर फुटलं. तांब्यापितळेची सगळी भांडी गेली आणि गणपतीपुढची सासूच्या वेळची समईही. परत आल्यावर मी बापूंना विचारलं, "काही ऐकू आलं नाही?"

"आलं की. बंबाचा आवाज झाला."

"मग?"

"मग काय? डोकावलो असतो तर उद्या हीच म्हणाली असती, बापू शिरला."

काकूंनी चौकीत जाऊन साहेबांसमोर हवालदारांना नाही नाही ते ऐकवलं. हवालदार टोपी हातात घेऊन उभे. मडक्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते मी काढलं. साहेब हसले. "तुळशीमुळे चोरी झाली, असं लिहू?"

हवालदारांची बदली बुरोंडीला झाली. मी अर्ज लिहिला की हा माणूस आळीला हवा आहे. सह्या गोळा करायला निघालो. समईसाठी रडून झाल्यावर काकूही नरमल्या होत्या. सही करते म्हणाल्या, पण बापूच्या खाली नाही. बापू म्हणाले, बाईच्या खाली माझं नाव? शेजारीशेजारी करा म्हटलं, तर दोघांनाही शेजार नको. मग इतरांनाही आपापली भांडणं आठवली. अर्ज माझ्याच एका सहीने गेला आणि त्याचं जे व्हायचं ते झालं.

एस.टी. स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. वैताग माझाच उतू जात होता. ते ट्रंकेवर बसून म्हणाले, "जाऊ द्या ओ, भाऊ. तिकडं दर्या हाय. दर्याला गडगा नसतो." थोड्या वेळाने विचारलं, "काकूंची समई गावली काय?"

गावली नाही.

पुढच्या शिमग्याला मी मुद्दाम घरी राहिलो. काकूंच्या तुळशीवर मडकं होतंच. ते उतरवून ठेवलं, रोज पाणी घातलं आणि माझा पंचा भिजवून त्यांच्या दोरीवर टाकत राहिलो. काकू परतल्या त्या दिवशी मी बाजारात होतो. दोरीवर पुरुषाचा पंचा बघून तो बापूंचाच, असं त्यांनी ठरवलं आणि गडग्यापलीकडे भिरकावला. बापूंनी तो काठीने उचलून परत टाकला.

मी आलो तेव्हा पंचा गडग्यावर अडकला होता, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. दोघंही आपापल्या ओटीवर पाठ फिरवून बसले होते. पंचा वाळून कडक झाला होता आणि रस्त्यावरून कोणालाही दिसत होता.