हौसाचा बांगड्यांचा डबा

शेजारच्या बनाबाईचा हात कधी रिकामा नसायचा, पण लेकीच्या, हौसाच्या, लग्नात त्या हाताला भूतच लागलं. बांगड्यांसाठी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला आतून रंगीत कागद आणि बाहेरून खण चिकटवायचा, एवढंच काम. चिकटवायची, उचकटायची, पुन्हा खळ लावायची! लग्न उरकून मुरगूडचं वऱ्हाड परतीच्या ट्रकमध्ये चढलं तरी चालूच.

"बनाबाई, पावणं खोळंबल्यात की!" मी ओरडले.

"वल्ला हाय अजून. वाळल्यावर जाईल."

"कोण? डबा का हौसा?"

बनाबाई खणाची कड दाबत राहिली. हौसानं ओला डबाच उचलला आणि मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसली. शालूला खळ लागली. बनाबाई फडकं घेऊन धावली. ट्रक सुरू झाला, तरी मागच्या फळीवरून हात घालून ती शालू पुसतच राहिली.