क्रँकवरचं कुंकू

धाकट्या भावाचं केडगावला गॅरेज आहे. मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा त्याला नाद आहे. मागच्या शर्यतीत बेअरिंगने धरलं, इंजिन जाम झालं आणि गाडी उलटली. त्याच्या खांद्यात अजून धातूची पट्टी आहे. हाड जुळल्यावर तो नवं इंजिन बांधायला बसला, तेव्हा त्याच्या बायकोने एकच अट घातली: प्रत्येक माप थोरल्यांनी घ्यायचं. मी नागापूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे, मापं घेणं हेच माझं काम.

बेअरिंग जितकं घट्ट तितकं पक्कं, असं पुष्कळांना वाटतं. खरं उलट आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, आणि बेअरिंग यांच्यात फट लागते. या इंजिनाला मी पन्नास मायक्रॉन ठेवली, म्हणजे साधारण केसाच्या जाडीहून कमी. त्या फटीत तेल राहतं आणि सगळा भार तेलावर असतो. तेल तुटलं किंवा कचरा शिरला की धातूला धातू घासतो.

खंडेनवमीला सकाळी मी क्रँक धुतली, तेल लावून प्लॅस्टिकखाली झाकून ठेवली. आम्ही दोघे कोपऱ्यावर चहाला गेलो. परत आलो तर टेबलावर पाने-पक्कड झेंडूच्या फुलांसह मांडलेले, प्लॅस्टिक बाजूला, आणि क्रँकच्या प्रत्येक चकचकीत भागावर हळदकुंकू. त्या भागांना तेलासाठी एकेक भोक असतं. टिळ्याची जागा समजून भावजयीने बोट नेमकं तिथेच टेकवलं होतं.

भाऊ ओरडला, "अगं, इंजिन हाय का म्हसोबा?"

"मागल्या बारीला पूजा न करता बसवलं हुतं," ती म्हणाली. "काय झालं ते खांद्याला इचारा."

मी तिला भोक दाखवलं. "यातून बेअरिंगला तेल जातं. कुंकवाचा कण फटीपेक्षा जाड आहे. आत राहिला तर पुन्हा तेच होईल."

तिने आपल्या लाल बोटाकडे पाहिलं. मग हळू विचारलं, "म्हंजी... कुंकू पुसायचं, भाऊजी?"

  तिला खोटं सांगून चालणार नव्हतं.

"हो. त्याशिवाय मी हे बसवणार नाही."

 "मग मीच पुसते. दुसऱ्या कुनी हात लावू नका."

मी रॉकेलचा डबा आणि बारीक ब्रश तिच्यापुढे ठेवला. पांढऱ्या धोतराच्या चिंध्या फाडून दिल्या. तारेला चिंधी गुंडाळून ती भोकातून आरपार ओढायची. आधी चिंधी लाल आली, मग गुलाबी, मग पांढरी. भाऊ म्हणाला, "झालं की आता." तिने नवी चिंधी घेतली. मी बॅटरी लावून आत पाहिलं आणि स्वच्छ आहे म्हणालो, तरी ती पुढच्या भोकाकडे लगेच गेली नाही. प्रत्येक भोकातून पांढऱ्यानंतर आणखी एक चिंधी ओढली. एकदाही मान वर केली नाही.

इंजिन चालू करायच्या दिवशी ती श्रीगोंद्याला माहेरी जाणार होती, पण गेली नाही. मी तिला सांगितलं होतं की आधी स्पार्क प्लग काढून, इंजिन सुरू न करता, नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, तेल सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोचू द्यायचं, तेलाच्या दाबाचा काटा चढला की मगच प्लग लावायचे. तिने चारही प्लग उचलून पदरात घेतले.

भाऊ हसला. "आण की इकडं, उशीर होतोय."

"काटा चढू द्या."

स्टार्टर फिरत राहिला. काटा शून्यावर थरथरला, थांबला, मग वर सरकला.

"किती?" तिने मला विचारलं.

"तीन किलो दाब. पुरेसं आहे."

"मागल्या बारीला किती हुतं?"

मी भावाकडे पाहिलं. तो स्टार्टरची वायर हातात धरून तसाच बसला होता.

"बघितलंच न्हवतं," तो म्हणाला.

ती एकेक प्लग पदराने पुसून त्याच्या हातावर ठेवू लागली.