साडूंचा खुनी फुटला

अख्ख्या सोलापुरात आमच्या साडूंइतके खून कुणी केले नसतील, आणि त्यांच्याइतका भित्रा माणूसही दुसरा सापडणार नाही. पाल दिसली की हे पलंगावर चढून अक्कांना हाक मारतात. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून साडू वैज्ञानिक रहस्यकथा लिहितात आणि विज्ञानात तसूभर चूक खपवून घेत नाहीत. एका कादंबरीत बर्फाच्या सुऱ्यानं खून होता. सुरा किती टिकतो हे पाहायला त्यांनी तो घरच्या फ्रिजमध्ये गोठवला, टॉवेलात गुंडाळून खिशात घातला आणि भर मे महिन्यात सात रस्ता चौकाकडे चालत निघाले. वाटेतच पँट अशी काही भिजली की ओळखीचे लोक दुसरीकडे बघू लागले. घरी येऊन त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं, "खुनी शेजारीच राहणारा पाहिजे. लांबचा चालणार नाही."

अक्कांनी मात्र त्यांचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. खुनाबिनाचं आपल्याला नको, असं त्या सरळ सांगत. साडूंना ते फार लागायचं, पण बोलायचे नाहीत. मागल्या वर्षी अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, टीव्ही बंद झाला, तेव्हा साडूंनी संधी साधून नवी कादंबरी त्यांना वाचून दाखवली. शेवटचं प्रकरण सोडून. अक्का हैराण झाल्या. कादंबरीतल्या डॉक्टरला विष कुणी दिलं, हे त्यांनी गोडीनं विचारलं, रागावून विचारलं. साडू बधले नाहीत. वाचनालयात जाहीर वाचन ठरलंय, तिथंच ऐक, म्हणाले. म्हणून अक्का जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या कार्यक्रमाला आल्या आणि ठेवणीतली इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या.

अध्यक्ष होते चादरींचे एक व्यापारी. सभागृहाच्या खुर्च्या त्यांनीच दिलेल्या, त्यामुळे त्यांना टाळणं शक्य नव्हतं. त्यांना मोडनिंबला लग्न गाठायचं होतं, म्हणून अध्यक्षीय समारोप त्यांनी सुरुवातीलाच उरकला. अध्यक्षानं पुस्तक वाचून येण्याची आपल्याकडे रीत नाही. या गृहस्थांनी नेमकं वाचलं होतं. "लई झकास लिवलंय," ते म्हणाले. "त्या नर्सबाईनं इंजेक्शनात विष घातलं, पर शेवटपत्तूर आपल्याला कळत न्हाय बघा." टाळ्या पडल्या, साडूंच्या खांद्यावर चादर पडली आणि अध्यक्ष लग्नाला गेले.

साडूंचा चेहरा बघवेना. लोक चुळबुळू लागले. खुनी कळल्यावर अक्कांनीही पिशवी उचलली. साडूंनी ते पाहिलं, पुस्तक मिटलं आणि माइकला तोंड लावून म्हणाले, "अध्यक्षांना नर्स खुनी वाटली. खुन्याला तेच पाहिजे होतं."

मग त्यांनी उभ्या उभ्या जे काही रचलं, त्याला तोड नाही. कंपाउंडर अडकला, सुटला. मेलेला डॉक्टर जिवंत निघाला. आधी क्षणात मारणारं विष आता माणूस जेवून हात धुईपर्यंत थांबू लागलं. विद्यार्थ्यानं असलं रसायनशास्त्र लिहिलं असतं तर साडूंनी त्याला जन्मभर पास केलं नसतं. मध्येच ते पाणी प्यायला थांबले, तशा अक्का भर सभेत म्हणाल्या, "अहो, पाणी नंतर प्या की. पुढं सांगा." साडूंना ठसकाच लागला.

तो शेवट कुठंही छापलेला नाही. पुस्तकात अजून नर्सच खुनी आहे, आणि त्यानंतर साडूंनी एकही कादंबरी लिहिलेली नाही. मला खरंच चुकल्यासारखं होतं. त्यांच्या खुनांची सवय झाली होती. परवा तसं म्हणालो, तर गॅलरीत अक्कांशेजारी बसलेले साडू म्हणाले, "रोज संध्याकाळी हिला सांगतो की. आता लिहू कुणासाठी?"