तारमास्तरांनी वाचलेली यादी

त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. तारा पाठवायचे दिवस कधीच सरले होते. हे गृहस्थ घरोघर इंटरनेट जोडून देत. पण खांद्यावर कायम वायरीचं भेंडोळं आणि बोलणं वर्गात शिकवल्यासारखं, म्हणून गल्लीतल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बायको घरी मशीनवर पडदे शिवायची. ती ओघानंच मास्तरीणबाई झाली.

माणूस कामाला चोख. चहासाठीसुद्धा थांबायचा नाही. खोड एकच होती. कुणी त्यांच्या ज्ञानाचं कौतुक केलं, की मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढत.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून तक्रार आली, नेट अडकतंय. मास्तर गेले. पिन सैल होती, दहा मिनिटांत काम झालं. घरमालक विम्याच्या कचेरीत नोकरीला होता. मास्तर पिशवी आवरू लागले तसं त्यानं राउटरकडे बोट दाखवून सहज विचारलं, "घरात कोण काय बघतं ते या डब्यात दिसतं म्हणे?"

"दिसतं की! फोनमधून पुसलं तरी इथे राहतं."

"काहीतरीच काय, मास्तर."

एवढं पुरे होतं. मास्तरांनी लॅपटॉप उघडला, राउटरच्या आतल्या पानावर गेले आणि मोठ्यानं वाचायला लागले. "हा तुमचा टीव्ही. हा लॅपटॉप. हा तुमचा फोन. आणि हा दुसरा फोन. त्यावर मुलीच्या शाळेचं पान, हवामान, आणि हे बघा, महिला मदत केंद्र. सोमवारी सकाळी अकरा. मंगळवारी अकरा. बुधवारी परत..."

बुधवारपर्यंत वाचून झाल्यावर त्यांचं लक्ष वर गेलं. स्वयंपाकघराच्या दारात त्या घरातली बाई उभी होती, हातात मास्तरांसाठी आणलेला पाण्याचा पेला. मागे सहा-सात वर्षांची मुलगी. बाईनं पेला चपलांच्या कपाटावर ठेवला, जराही आवाज न करता, आणि मुलीला घेऊन आत गेली.

"वा मास्तर," नवरा हसून म्हणाला. "मानलं तुम्हाला."

जिना उतरताना मास्तर स्वतःला बजावत होते, मी जे होतं तेच वाचलं. जेवताना त्यांनी ते बायकोलाही तसंच सांगितलं. मास्तरीणबाईंचा घास हातातच राहिला.

"तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत?"

"मला काय माहीत की..."

"तीन वार वाचलेत ना? पहिल्या वाराला नाही, दुसऱ्यालाही नाही कळलं?"

मास्तर ताटावरून उठले.

दोन दिवसांनी, नवरा कामावर गेल्याचं बघून, ते सिग्नल तपासायच्या निमित्तानं पुन्हा तिथे गेले. बाईनं साखळी न काढता दार किलकिलं केलं. उकाडा मरणाचा, तरी अंगात मनगटापर्यंत बाह्या.

"फोन काढून घेतलाय माझा. तुम्ही जा इथून."

"ताई, माझी चूक झाली."

"ती तुमच्याकडेच ठेवा. मी काय करू ती घेऊन?"

दार लागलं. त्या दिवशी मास्तरांनी पुढची कामं केली, पण दोन ठिकाणी वायरी उलट्या जोडल्या.

"तुम्ही आता त्या जिन्याकडे फिरकू नका," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी बघते."

रविवारी त्या गेल्या, नवरा घरात असतानाच. शिलकीच्या कापडाचे पडदे फुकट शिवून देते म्हणाल्या. फुकट म्हटल्यावर त्यानं नाही म्हटलं नाही. मग माप घ्यायला एकदा, कापड दाखवायला एकदा, लांबी बघायला आणखी एकदा, अशा त्या, तो कामावर असताना, दुपारच्या जात राहिल्या. इतक्या छोट्या खिडक्यांना इतका वेळ कधी कुणी दिला नसेल. त्या टेप धरून उभ्या राहायच्या आणि ती बाई मास्तरीणबाईंच्या फोनवरून केंद्रातल्या माणसांशी बोलायची. कोणते कागद जवळ ठेवायचे, कुठे यायचं, सगळं हळूहळू ठरलं. सहाव्या आठवड्यात एका सकाळी ती मुलीला शाळेत सोडायला म्हणून निघाली. दप्तरात पुस्तकांऐवजी कागद होते. ती परत आली नाही.

दुसऱ्याच दिवशी नवरा मास्तरांच्या दारात हजर. "चला, तो डबा उघडा. कुठे गेली ते दिसेल त्यात."

"डबा एवढंच सांगतो, कुठल्या फोनवर काय बघितलं," मास्तर म्हणाले. "आणि तिचा फोन तर तुमच्या खिशात आहे."

त्यानं मास्तरांची कॉलर धरली. शेजाऱ्यांनी सोडवलं. पुढे महिनाभर तो, हा माणूस लोकांचे संसार मोडतो, असं ज्याला त्याला सांगत हिंडला. काही गिऱ्हाइकं तुटली. मास्तरांनी कुणाकडेही सफाई दिली नाही.

त्यानंतर मात्र त्यांची एक रीत झाली. नवीन जोडणी करण्याआधी घरातल्या लहानथोरांना बाहेरच्या खोलीत बोलवायचे. "नीट ऐका. या डब्यात तुम्ही उघडलेल्या जागांची नावं आणि वेळ राहते. फोनमधून पुसलंत तरी राहते. हे सगळ्यांना माहीत असू दे." पोरं हसायची, म्हाताऱ्यांना कळायचं नाही, एखादीचा चेहरा बदलायचा. आणि कुणी यादी वाचून दाखवा म्हटलं, तर मास्तर म्हणायचे, "ज्याचा फोन आहे त्याला बोलवा. तो हो म्हणाला तर वाचतो." बहुतेक जण मग विषय बदलत.

दीड वर्षानं मास्तरीणबाईंना एक फोन आला. बाई दुसऱ्या गावी एका दवाखान्यात चादरी-कपड्यांच्या विभागात कामाला लागली होती. मुलगी शाळेत रमली होती. मास्तरीणबाई बराच वेळ बोलल्या, थोड्या रडल्याही.

फोन ठेवल्यावर मास्तरांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले, आणि वायर सोलायला बसले.