चरबी खवट व्हायच्या आत

आमच्या जालन्याच्या लॅबमध्ये कुठल्याही जिवातली चरबी काढून तपासतात. अळी, शेवाळ, सरकी, बकरा... सगळे सारखेच! अशा ठिकाणी किस्से साचायला कितीसा वेळ लागणार?

मी तिथे प्रोजेक्ट असिस्टंट. रूपाली पीएचडीवाली, आणि कायम घाईत. कारण सॅम्पल जरा गरम राहिलं की चरबी खवट होते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. तिच्यासोबत राहून मलाही एका जागी बसवत नाही.

*

अंबडजवळ एका शेतात बोंडअळ्या मागायला गेलो. शेतकरी काका चक्रावलेच.

"अळ्या पाह्यजेत? किती?"

"मूठभर द्या, काका."

"मूठभर कशाला? समद्या न्या की! वरून चहा पाजतो!"

*

बकऱ्याची ताजी कलेजी घ्यायला खाटकाकडे गेलो. रूपालीने बकऱ्याचं वय विचारलं, चारा विचारला, गाव विचारलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

शेवटी भाई म्हणाला, "मॅडम, कलेजी घेऊन राह्यल्या का सोयरीक जुळवून राह्यल्या?"

*

एकदा चरबी ओळखणाऱ्या मशीनवर मुद्दाम कोरी, सॅम्पल नसलेली बाटली लावली. काहीच दिसायला नको होतं. दिसलं काय? खोबरेल तेल!

लॅबचे सर एकेकाचं डोकं बघत फिरले आणि रूपालीच्या चपचपीत वेणीपाशी थांबले. "उद्यापासून एक तर तेल, नाही तर लॅब!"

तिने घरी सांगितलं. आई म्हणाली, "मंग लॅब सोड!"

*

आणि हा किस्सा संभाजीनगरचा. तिथल्या मोठ्या मशीनवर रूपालीचा नंबर कित्येक महिन्यांनी लागला होता. हुकला असता तर फेलोशिप संपेपर्यंत पुन्हा मिळाला नसता, म्हणजे पीएचडी तिथेच बंद. थर्माकोलच्या पेटीत सॅम्पल आणि बर्फ भरून आम्ही एसटीत बसलो.

बदनापूरच्या पुढे एसटी बंद पडली! ऊन मी म्हणत होतं. पेटीतून पाणी ठिबकायला लागलं. रूपाली रस्त्याच्या कडेला येरझारा घालत रडायला लागली.

बियाण्याची पोती घेऊन चाललेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने बर्फाची पेटी बघितली, रडणारी पोरगी बघितली, आणि दार उघडलं.

"जल्दी बसा! दवाखाना कोणता?"

आम्ही तोंड उघडायच्या आत टेम्पो सुटला. पठ्ठ्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. पुढचे ट्रक बाजूला व्हायला लागले.

शहर जवळ आलं तेव्हा त्याने हळूच विचारलं, "ताई, पेशंट कोन हाय?"

रूपालीने पेटी छातीशी घट्ट धरली.

"मीच, दादा!"