गोतमारे काकांनी शॉट मोजले

प्रभाकर गोतमारे यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. पोळ्याच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी सव्वासहाला, सीताबर्डीवरच्या एका हॉलच्या वरच्या मजल्यावर, चहा यायच्या आधी. ज्या चित्रपट मंडळाच्या खुर्च्या त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी मांडल्या, त्याच मंडळातून त्यांना तेवीस सह्यांच्या पत्राने काढून टाकलं. पत्र मी लिहिलं होतं आणि पहिली सही माझी होती. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी काका गेले... हृदयविकाराने गेले, आमच्या पत्राने नाही, हे मला तेव्हापासून बरेच जण समजावून सांगतात. मान्य. पण एखाद्यावर अन्याय झाला हे ठरायला त्याने मरावंच लागतं की काय?

बातमी आली तेव्हा मी कामठीत यंत्रमाग कामगारांच्या सभेची पत्रकं वाटत होते. फोन शेखरचा होता. शेखर म्हणजे आमच्या माहितीपटाचा दिग्दर्शक, आणि चळवळीतला माझा सगळ्यात जुना सोबती. तो म्हणाला, "गोतमारे गेले." 'काका' असं म्हणाला नाही. मी विचारलं, "ग्रुपवर टाकलं का?" तो म्हणाला, "तूच टाक. मजकूर तूच लिहितेस नेहमी." माझ्या हातात शंभरेक पत्रकं होती आणि मला 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या पुढे एक शब्द सुचत नव्हता. पोळ्याच्या आधी मात्र ह्याच माणसाविरुद्ध मी दीड पान एका बैठकीत लिहून काढलं होतं.

काकांचं इतवारीत भांड्यांचं घाऊक दुकान. दिवसभर पितळ, तांबं, स्टील, हातगाड्यांची ओरड, आणि रविवारी सिनेमा. साधासुधा नाही. जो नागपुरात कुठल्या थिएटरला लागत नाही तो, तीन-चार पोरांनी मिळून केलेला किंवा परदेशातून कुठून तरी मिळवलेला. सिनेमा बघून ते परीक्षण लिहायचे आणि ते आमच्या पाक्षिकात छापून यायचं. त्यांच्या लिहिण्यात मोठे शब्द नसत. भांडं घेताना टिचकी मारून कान लावतात, तसा हा माणूस सिनेमाला कान लावायचा. खूप बक्षिसं मिळालेला एक मराठी सिनेमा आम्ही दाखवला होता. त्यात नायिका डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन उन्हातून चालत येते, तो शॉट लांबच लांब आहे, आणि आम्ही सगळे गहिवरलो होतो. काका शेजारून म्हणाले, "गुंड रिकामा आहे वं." मी चिडले. "काका, दुःख बघा ना तिचं." तर म्हणे, "दुःखच बघून राहिलो. भरला गुंड असला तं मान अशी डुलत नाही. ज्यानं बाईले रिकामा गुंड देल्ला, त्यानं तिचं ओझं कधी उचलूनच पाह्यलं नाही." दुसरा एक सिनेमा बर्फाळ देशातला होता, एकटा म्हातारा नाव दुरुस्त करतो त्याचा. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. काकांनी लिहिलं की दोरीची गाठ मारणारे हात जवळून दाखवले आहेत, त्यांची नखं स्वच्छ आहेत आणि ते म्हाताऱ्याचे नाहीत. म्हाताऱ्याचा चेहरा उत्तम, हात उसने. त्या दिवसापासून मला तो सिनेमा आठवतो तो हातांसकट.

माहितीपटाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. त्यात दिसलेल्या माणसांपैकी जमेल त्या एकाला तरी प्रत्यक्ष भेटायचं, आणि त्यानंतरच लिहायचं. विदर्भातल्या बँडवाल्यांवर एक माहितीपट आला तेव्हा हा माणूस क्लॅरिनेटवाल्याला भेटायला स्कूटरवर भंडाऱ्यापर्यंत गेला. आम्ही हसलो. "काका, हे तुमचं परीक्षण आहे का पोलीस चौकशी?" शेखर म्हणाला. काका म्हणाले, "गोष्टीतला माणूस घरी जात नाही गा. ह्याच्यातला जाते. त्याले तिथं शेजारी काय म्हणतात, ते कोणतरी विचारावं ना." हा नियम आमच्यावरच उलटेल हे तेव्हा कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

उन्हाळ्यात आमचा माहितीपट तयार झाला. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना मालकाने एका सकाळी बंद केला. बाया पाळीला गेल्या तेव्हा फाटकाला कुलूप. खटला कामगार न्यायालयात गेला, आम्ही बायांच्या बाजूने उभे राहिलो आणि शेखरने महिनोन् महिने चित्रीकरण केलं. शेवटाकडे त्या बायांमधल्या कुसुमबाई फाटकाला धरून रडतात. मंडळात तो दाखवला तेव्हा त्या दृश्याला कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. शेखरने सुरुवातीलाच अभिमानाने सांगितलं होतं की आमच्याकडे कॅमेरा एकच होता, जुना, मागून आणलेला. काका मागच्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही... बोटं मात्र हलत होती.

काही आठवड्यांनी काकांनी परीक्षण आणून दिलं. पाक्षिकाचं ते पान मी बघायचे. हाताने लिहिलेले दोन कागद. मला घाई होती, मोर्चा होता. मधेच नजर पडली ती 'तीनदा रडली आहे' ह्या शब्दांवर, आणि माझं डोकं फिरलं. मी तेवढ्या दोन-तीन ओळींचा मोबाइलवर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : 'गोतमारे काका मालकाच्या बाजूने?' संध्याकाळपर्यंत मंडळ पेटलं. वरचा-खालचा मजकूर कोणी मागितला नाही. मी दिला नाही, कारण मीही तो वाचला नव्हता. आम्ही सह्यांची मोहीम चालवणारी माणसं. अन्याय दिसला की लगेच मसुदा तयार होतो, दोन दिवसांत सह्या होतात. ह्या वेळीही झाल्या. तेवीसच्या तेवीस सह्या दोन-तीन ओळींच्या फोटोवर.

त्या रविवारी मी पत्र वाचून दाखवलं. 'श्री. गोतमारे व्यापारी वर्गातून आलेले असल्याने कामगार स्त्रीच्या अश्रूंकडे ते संशयानेच बघणार', असं त्यात एक वाक्य होतं. काका समोरच्या खुर्चीत, हेल्मेट मांडीवर.

"व्यापारी लिहिलं ते बरोबर आहे वं," ते म्हणाले. "घाऊक लिही. घाऊक व्यापारी."

कोणी हसलं नाही. शेखर उभा राहिला. "काका, ती तीनदा रडली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"शॉट मोज ना गा. डावीकडून एक, उजवीकडून एक, समोरून एक. कॅमेरा एकच होता, तूच बोलला."

"शॉट आम्हाला शिकवू नका. कोणी सांगितलं?"

"पडद्यानं."

"हे मालकाच्या वकिलाच्या हाती पडलं तर खटल्याचं काय होईल, कळतं तुम्हाला?"

"म्हणूनच म्हणून राहिलो बापू. त्याच्या ध्यानात यायच्या आधी काढून टाका."

मी मधे पडले. माझा आवाज चढला होता. "तुम्ही नाव सांगा. नाव सांगितलं नाही तर आम्ही समजू की मालकाकडून आलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "समजा." एवढंच. हात वर झाले आणि ठराव झाला.

मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. का गेले माहीत नाही. बहुतेक अजून भांडायला. ते दोन पायऱ्या उतरून थांबले. "प्राची, ते पत्र मन लावून लिहिलं तू. माह्यं परीक्षण वाचलं का पण?" मी म्हटलं, "वाचलं ना." ते म्हणाले, "बरं." हेल्मेट घातलं आणि गेले. मी खोटं बोलले होते. त्यांना ते कळलं होतं.

तेरवीला मी इतवारीत त्यांच्या घरी गेले. मंडळातून आणखी कोणी आलं नव्हतं. काकूंनी बस म्हटलं. पंगत बसत होती, तेवढ्यात दारातून कुसुमबाई आल्या. हिंगण्याहून दोन बस बदलून, सोबत कारखान्यातली एक मैत्रीण. मला बघून त्या दचकल्या, मी त्यांना बघून. मी विचारलं, "मावशी, तुम्ही काकांना कशा ओळखता?"

"सर आले होते ना माह्या घरी. दोन खेपा आले." त्या हळूच बोलत होत्या. "पह्यल्या खेपेले नुसता चहा पिऊन गेले. दुसऱ्या खेपेले पुसलं, बाई, फाटकापाशी किती खेपा रडल्या? मी म्हटलं, तीन."

दुसऱ्या वेळी 'मावशी, पुन्हा एकदा, ह्या बाजूने' असं कॅमेऱ्याच्या शेजारून म्हणणारी मी होते.

"पह्यल्या खेपेले खरंच रडू आलं," कुसुमबाई म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेले तू म्हटलं म्हणून रडली. तिसऱ्या खेपेले लाज वाटली, त्याच्यानं रडली. घरी पोरगा म्हणे, आई, तू सिनेमात काम करतं का आता?"

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कोणाले? तुमालेच? तुमी केस लढून राहिले. तुमाले राग आला आन् केस सोडून देल्ली तं? म्हणून सराले म्हटलं, लिहा, पण माह्यं नाव नका घेऊ. ते म्हणे, नाही घेत." त्या थांबल्या. "नाही घेतलं ना त्याइनं?"

"नाही घेतलं," मी म्हटलं. "आम्ही विचारलं, तरी नाही घेतलं."

शेजारची मैत्रीण म्हणाली, "जेवून घे वं, बस निघून जाईन." आणि त्या पानावर बसल्या.

मालकाला घाबरत नाहीत म्हणून ज्या बाईवर आम्ही सिनेमा काढला, ती बाई आम्हाला घाबरत होती. आणि हे ओळखणारा एकटा माणूस आम्ही मालकाचा ठरवून हाकलला होता. त्याच्याकडे स्वतःला सोडवायला एक नाव होतं. तेवीस माणसांसमोर बसून त्याने ते गिळलं.

घरी येऊन पिशवीतल्या जुन्या पत्रकांखालून ते दोन कागद काढले आणि पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचले. त्यातला मुख्य भाग इथे देते, एक शब्द न बदलता :

'हिंगण्याच्या कामगार बायांवरचा हा माहितीपट प्रत्येक नागपूरकराने बघावा. कारखाना कसा बंद होतो आणि त्या दिवशी बाईच्या डब्यातल्या पोळीचं काय होतं, हे मी आजवर कुठल्याही देशाच्या सिनेमात इतकं सरळ बघितलेलं नाही. करणारी मुलं तरुण आहेत आणि त्यांची माया खरी आहे. पण फाटकापुढचं रडणं तीन बाजूंनी घेतलं आहे आणि कॅमेरा एकच होता. म्हणजे ती बाई तीनदा रडली आहे. एकदाचं पुरलं असतं. जिच्या बाजूने आपण उभे आहोत तिला पुन्हा रडायला सांगू नये. मालकानेही तिला एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावलं होतं. एवढा तुकडा काढला तर ह्या सिनेमात कोणालाही बोट ठेवायला जागा उरणार नाही.'

'प्रत्येक नागपूरकराने बघावा.' हे पहिलं वाक्य. आमच्या बाजूने ह्याहून चांगलं आजवर कोणी लिहिलेलं नाही, आणि त्याबद्दल आम्ही त्यांना शिक्षा केली.

मी शेखरकडे गेले, तुकडा काढ म्हटलं. तो म्हणाला, खटला संपू दे. मग म्हणाला, तेवढा काढला तर सिनेमात उरतं काय? मी म्हटलं, काकांनी लिहिलंय काय उरतं ते, वाच. त्याने कागद हातात घेतला नाही. माझी सही मी मागे घेतली आहे, मंडळाला तसं लेखी दिलं आहे. बाकीच्या बावीस जणांपैकी चौघांनी फोन करून 'तुझं बरोबर आहे' म्हटलं. लेखी कोणी दिलेलं नाही. सही करायला दोन दिवस पुरले होते...

हे छापण्याआधी हिंगण्याला जाऊन कुसुमबाईंना वाचून दाखवलं. नाव घालू का विचारलं. त्या म्हणाल्या, "घाल. तो माणूस माह्यासाठी चूप बसला, आता मी काहून चूप बसू? पण रडणारा फोटो नको लावू वं."

सिनेमा अजून फिरतो आहे, त्या तिन्ही रडण्यांसकट. उद्या तो तुमच्या कॉलेजात येईल, वसाहतीच्या समाजमंदिरात येईल. आणणारे आम्हीच असू, ओळखीचे, चांगल्या कामातले, झब्ब्यातले. आमच्याकडे बघून भिडेला पडू नका. शोच्या आधी तुमच्यातल्या एकाने उठून उभं राहावं, हे परीक्षण मोठ्याने वाचावं, आणि विचारावं की तो तुकडा काढला का. काढला असेल तर बसा आणि बघा, फार चांगला सिनेमा आहे. नसेल तर हॉलचे दिवे बंद करू देऊ नका.